टेम्पो ठरविण्यापूर्वी : सर्व्हर कक्षाच्या स्थलांतराचे धडे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी रात्री सव्वाआठच्या सुमारास दक्षिण कोरियातील देजॉन शहरात राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या इमारतीत आग लागली. पाचव्या मजल्यावरील सर्व्हर कक्षात यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलविण्याचे काम सुरू होते. आग पूर्णपणे विझविण्यास सुमारे बावीस तास लागले. ३८४ बॅटरी संच जळाले. केंद्राचे कामकाज थांबवावे लागल्याने सरकारच्या ६४७ संगणक प्रणाली एकाच वेळी ठप्प झाल्याचे प्रथम जाहीर झाले. नंतरच्या मोजणीत हा आकडा ७०९ वर गेला. टपाल, मोबाइलवरील ओळखपत्र, सरकारी दाखले अशा दैनंदिन सेवा थांबल्या, आणि तेही चुसोक हा तेथील सुगीचा मोठा सण अवघ्या दहा दिवसांवर आलेला असताना.

या दुर्घटनेतील सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे ज्या कामात आग लागली, ते काम आगीपासून बचाव व्हावा म्हणूनच हाती घेतले होते. बॅटऱ्या आणि सर्व्हर एकाच कक्षात असणे धोक्याचे आहे, म्हणून बॅटऱ्या तळघरात न्याव्यात, असा निर्णय झाला होता. तो निर्णय योग्यच होता. आपत्ती ओढवली ती निर्णय अमलात आणण्याच्या रीतीमुळे.

कोरियातील सरकारी केंद्र आणि गोव्यातील एखादी पतसंस्था, औषधनिर्मिती कारखाना वा हॉटेल यांच्या आकारात तुलना होऊ शकत नाही. मात्र प्रश्न एकाच जातीचा आहे. भाडेकरार संपतो, नवी इमारत उभी राहते, कार्यालय पणजीतून वेर्ण्याला किंवा म्हापशातून पर्वरीला जाते, आणि टेबल-खुर्च्यांसोबत सर्व्हरही हलवावा लागतो. अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो टेम्पो कधी येणार, हा. वास्तविक यंत्रे उचलून नेणे हा स्थलांतराचा शेवटचा आणि तुलनेने सोपा टप्पा आहे. कुठेही न लिहिलेली माहिती, कधीही न तपासलेली प्रत आणि माघारीची वाट न राखता घेतलेला निर्णय, या तीन गोष्टींत खरा धोका दडलेला असतो. अलीकडच्या काही घटना या तिन्हींची साक्ष देतात.

देजॉनमध्ये नेमके काय चुकले?

कोरियाला बॅटरीच्या आगीचा अनुभव नवा नव्हता. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी सोलजवळच्या पांग्यो येथील एका डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागून काकाओ कंपनीची संदेशसेवा आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक सेवा कोलमडल्या होत्या. त्या पूर्ववत होण्यास पाच दिवसांहून अधिक काळ लागला. बॅटऱ्या आणि सर्व्हर वेगळे ठेवण्याचा आग्रह त्यानंतर वाढला.

देजॉनमधील जळालेल्या बॅटऱ्या २०१४ मध्ये बसविलेल्या होत्या. म्हणजे त्यांचा दहा वर्षांचा हमीकाळ उलटून गेला होता. पुढे पोलीस तपासात जे समोर आले ते आणखी गंभीर होते. मुख्य वीजपुरवठा बंद केला गेला, परंतु बॅटऱ्यांच्या रॅकना जोडलेला साहाय्यक पुरवठा तोडलेला नव्हता. उघड्या जोडण्यांवर विद्युतरोधक आवरण घातलेले नव्हते. हलविण्यापूर्वी बॅटऱ्यांतील भार तीस टक्के किंवा त्याखाली आणणे अपेक्षित असताना तो कितीतरी अधिक होता. शिवाय ज्या कंपनीला काम मिळाले होते तिने ते नियम डावलून दुसऱ्यांकडे सोपविले होते. यांतील एकही चूक तंत्रज्ञानाच्या मर्यादेची नाही. लिहिलेली कार्यपद्धती हाती घेऊन, प्रत्येक पायरीवर खूण करीत कोणी उभे राहिले असते, तर त्या टळण्यासारख्या होत्या.

दुसरी हानी आगीपेक्षा खोल गेली. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असलेला ‘जी-ड्राइव्ह’ हा सामाईक साठा या आगीत पूर्णपणे नष्ट झाला. सुमारे साडेसात लाख कर्मचाऱ्यांना उपलब्ध असलेल्या या साठ्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने आणि त्याची रचना वेगळी असल्याने बाहेर प्रत ठेवता आली नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले. एका मंत्रालयाने तर आपली सर्व कागदपत्रे याच ठिकाणी ठेवण्याचा नियम केला होता. त्याची झळ सर्वाधिक बसली. राष्ट्राध्यक्ष ली जे म्यंग यांना जनतेची क्षमा मागावी लागली. या बिघाडाच्या निवारणाचे काम पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याने ३ ऑक्टोबर रोजी आपले जीवन संपविले. संगणकाच्या बिघाडाला अशीही मानवी किंमत असते.

घाई आणि अपुरी चाचणी

आग न लागताही स्थलांतर कसे अंगलट येते, याची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. पहिले ट्विटरचे. डिसेंबर २०२२ मध्ये खर्च वाचविण्यासाठी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथील सर्व्हर अन्यत्र हलविण्याचे कंपनीने ठरविले. व्यवस्थापकांनी सहा ते नऊ महिने मागितले. नवे मालक इलॉन मस्क यांना हा अवधी मान्य नव्हता. वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातील वर्णनानुसार, नाताळच्या तोंडावर मस्क स्वतः काही नातेवाइकांना घेऊन तेथे पोहोचले, जमिनीखालच्या पोकळीत उतरले आणि रॅक बाहेर काढायला सुरुवात केली. तेथे सुमारे ५,२०० रॅक होते आणि प्रत्येकाचे वजन हजार किलोच्या वर होते.

वजन उचलले गेले, ट्रकही निघाले. अडचण निघाली ती वेगळ्याच ठिकाणी. कंपनीच्या संगणकीय आज्ञावलीत सॅक्रामेंटोचा थेट उल्लेख सुमारे ७० हजार ठिकाणी केलेला होता. त्या जागेवरून यंत्रे गेली, पण ‘ती यंत्रे तेथेच आहेत’ हे गृहीत आज्ञावलीत तसेच राहिले. पुढील दोन महिने सेवा अस्थिर राहिली आणि हे पाऊल चुकल्याचे मस्क यांनी नंतर मान्य केले.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे. येथे यंत्रे ट्रकमधून नेलेली नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर आणली गेली. खात्यांची माहिती सुखरूप पोहोचली. कोलमडली ती तिला वाहून नेणारी यंत्रणा. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. कामकाज पूर्णपणे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. चौकशीत आढळलेली एक बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवी प्रणाली दोन डेटा केंद्रांवर चालणार होती, परंतु भार पेलण्याच्या चाचण्या त्यांतील एकाच केंद्रावर केल्या गेल्या. दोन्ही केंद्रे सारखीच आहेत असे मानले गेले होते. ती तशी नव्हती.

एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या माजी माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला. बाहेरचा पुरवठादार सज्ज असल्याची पुरेशी खातरजमा त्यांनी केली नव्हती, हे त्यामागचे कारण. ‘कंत्राटदाराने सांगितले होते’ हा बचाव तेथे टिकला नाही.

गोव्याची हवा, गोव्याच्या इमारती

परदेशातील नियमावली जशीच्या तशी उचलून गोव्यात लागू करता येणार नाही. देजॉनमध्ये बॅटऱ्या तळघरात नेणे शहाणपणाचे ठरविले गेले. पणजीच्या मळा भागात किंवा १८ जून मार्गावर पावसाळ्यात काय होते हे ज्याने पाहिले आहे, तो तळघरात बॅटरी तर सोडाच, जुनी फाइलदेखील ठेवणार नाही. नवी जागा निवडताना सर्वप्रथम पाहायचे ते पाणी. पाणी जमिनीवरून येते, छतातून गळते, आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या पाइपातूनही येते. सर्व्हर कक्षाच्या डोक्यावर पाण्याची टाकी अथवा नळ नसावा ही साधी अट, परंतु इमारतीचा नकाशा न पाहता जागा ठरविली की नेमकी तीच सुटते.

दुसरी बाब वजनाची. पूर्ण उंचीच्या भरलेल्या रॅकचे वजन सातशे ते हजार किलोपर्यंत जाऊ शकते आणि तो जेमतेम अर्धा-पाऊण चौरस मीटर जागा व्यापतो. निवासी इमारतींच्या मजल्यांची आखणी करताना भारतीय मानकानुसार चौरस मीटरमागे सुमारे दोनशे किलो भार धरला जातो. आपल्याकडे अनेक कार्यालये मुळात राहण्यासाठी बांधलेल्या घरांत आणि सदनिकांत थाटलेली आहेत. पणजीतील काही जुन्या घरांत तर तक्तपोशी लाकडी आहे. अशा ठिकाणी रॅक, आणि विशेषतः यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या ठेवण्यापूर्वी संरचना अभियंत्याचे मत घेणे गरजेचे आहे. लिफ्ट किती वजन पेलते, जिन्याचे वळण किती रुंद आहे आणि दरवाज्याची उंची किती आहे, हेही आधी फूटपट्टी घेऊन मोजावे. सामान दारात उभे असताना चौकट काढण्याची वेळ येऊ नये.

तिसरी बाब दमटपणाची. पावसाळ्यात गोव्याच्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. वातानुकूलित कक्षात बावीस अंशांवर थंड असलेले धातूचे यंत्र अशा हवेत बाहेर काढले, की थंड पाण्याच्या पेल्याला सुटतो तसा त्याला घाम सुटतो. त्याच अवस्थेत नव्या जागी नेऊन लगेच वीज जोडली तर सर्किट जळण्याची भीती असते. यावर उपाय साधा आहे. यंत्र बाहेर काढण्यापूर्वी कक्षातील वातानुकूलन काही तास बंद ठेवावे, यंत्र आतच प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावे, आणि नव्या जागी ते खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज आवरण काढू नये. शक्य असेल तर स्थलांतर पावसाळ्यानंतरच ठेवावे. किनाऱ्यालगतच्या हॉटेलांनी खाऱ्या हवेचाही विचार करावा. समुद्राकडे उघडणारी खिडकी सर्व्हर कक्षाला असू नये.

चौथी बाब विजेची आणि उष्णतेची. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी उष्णता बाहेर टाकतो. साडेतीन किलोवॅट भाराला साधारण एक टन वातानुकूलन लागते. एकच यंत्र रात्रंदिवस चालविण्यापेक्षा दोन आळीपाळीने चालविणे श्रेयस्कर, कारण एक बिघडले तरी दुसरे उरते. नव्या जागेचे अर्थिंग तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावे, जनित्र प्रत्यक्ष भार टाकून चालवून पाहावे. मे २०२१ मधील तौक्ते वादळात राज्याच्या अनेक भागांत वीज दीर्घकाळ गेली होती. यूपीएसची पंधरा मिनिटे ही सर्व्हर व्यवस्थित बंद करण्यासाठी असतात, कामकाज चालू ठेवण्यासाठी नव्हे, हे त्या वेळी अनेकांच्या लक्षात आले असेल.

यादी, प्रत आणि चाचणी

नवी जागा सिद्ध होत असताना जुन्या जागी एक किचकट काम सुरू झाले पाहिजे, ते म्हणजे यादीचे. कोणते यंत्र काय करते, कोणत्या यंत्रावर कोणता कार्यक्रम अवलंबून आहे, कोणती केबल कोठून कोठे जाते, कोणता पासवर्ड कोणाकडे आहे, कोणत्या यंत्राची हमी कधी संपते, वार्षिक देखभालीचा करार कोणाशी आहे, हे सर्व कागदावर उतरले पाहिजे. मध्यम आकाराच्या बहुतेक संस्थांत ही माहिती एका माणसाच्या डोक्यात असते. तो सुट्टीवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, की संस्थेची स्मृतीच जाते. ट्विटरच्या आज्ञावलीतील ७० हजार उल्लेखांचे लहान रूप प्रत्येक कार्यालयात असते. हजेरीचे यंत्र, सीसीटीव्ही, प्रिंटर, शाखेतील संगणक, कुठल्याशा कोपऱ्यातील एक्सेल फाइल, या सर्वांत सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहिलेला असतो. लेखा कार्यक्रमाचा परवाना किंवा डाँगल विशिष्ट यंत्राशी बांधलेला असतो. हे दुवे आधी शोधले नाहीत, तर सर्व्हर चालू होऊनही सोमवारी सकाळी काउंटरवर पावती निघत नाही.

यादीनंतर प्रत. प्रत म्हणजे बॅकअप घेतला, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय घातक आहे. त्या प्रतीवरून माहिती पुन्हा उभी करून पाहिली काय, हा खरा प्रश्न. वेगळ्या यंत्रावर ती उतरवून, कालच्या तारखेची शिल्लक जुळते का, रुग्णाचा अहवाल उघडतो का, हे संबंधित विभागाच्या कर्मचाऱ्याने पाहिले पाहिजे, तंत्रज्ञाने नव्हे. ज्याला आकडे ठाऊक आहेत त्यालाच चूक दिसते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक वेगळ्या इमारतीत, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा केंद्र जळाले, तेव्हा ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्या हाती काही उरले नाही. स्थलांतरात या नियमाला एक जोड द्यावी लागते. प्रत आणि मूळ यंत्र एकाच वाहनातून कधीही नेऊ नये.

तिसरी पायरी अनेकांना अनावश्यक वाटते. वर्षानुवर्षे बंद न केलेला सर्व्हर हलविण्यापूर्वी त्याच जागी एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहावा. जुन्या यंत्रातील छोटी बॅटरी संपलेली असते, फिरत राहिलेली हार्ड डिस्क थंड झाल्यावर पुन्हा फिरेलच याची खात्री नसते, आणि कोणता कार्यक्रम आधी चालू करायचा हा क्रम कोणालाच आठवत नसतो. पडताळलेली प्रत हाती आल्यावर, स्थलांतराच्या तीन-चार आठवडे आधी एखाद्या रविवारी हा प्रयोग केला, तर बिघाड ओळखीच्या जागेत आणि सुटे भाग मागविण्यास वेळ असताना उघड होतो. तोच बिघाड नव्या जागेत झाला, तर दोष वाहतुकीचा, विजेचा की यंत्राचा, हे शोधण्यातच दोन दिवस जातात.

प्रत्यक्ष वाहतुकीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल, प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा क्रमांक, मागच्या-पुढच्या बाजूंची छायाचित्रे, पुरेसा फोम, आणि वाहनात हमालांखेरीज संस्थेचा एक जबाबदार माणूस, एवढे पथ्य पाळले तरी बरेच साधते. बॅटऱ्या मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. त्या उत्पादकाच्या तंत्रज्ञाकडूनच सोडवाव्यात, लिथियमच्या असतील तर भार आधी उतरवावा, उघडी टोके झाकावीत आणि सर्व्हरसोबत एकाच खेपेत नेऊ नयेत. वय झालेल्या बॅटऱ्या नव्या जागी वाहून नेण्याऐवजी नव्या घ्याव्यात आणि जुन्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्याव्यात.

दिवस कोणता, आणि माघार केव्हा?

तारीख ठरविताना कॅलेंडर दोनदा पाहावे लागते. जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखा, महिनाअखेरचे पगार, ३१ मार्च हे दिवस टाळायचे हे उघड आहे. हॉटेल व्यवसायाने डिसेंबर-जानेवारीचा हंगाम वगळावा. चतुर्थीची सलग सुट्टी मोहात पाडते, कारण कार्यालय बंद असते. परंतु त्याच दिवसांत तंत्रज्ञ गावी असतो, सुट्या भागांचे दुकान बंद असते आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा फोन कोणी उचलत नाही. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारला जोडून येणारा रविवार त्यामानाने बरा. नव्या जागेची लीज्ड लाइन तारखेच्या किमान पंधरवडाभर आधी प्रत्यक्ष चालू झालेली असावी. ‘जोडणी उद्या मिळेल’ या आश्वासनावर कोणीही सर्व्हरची वायर काढू नये.

आराखड्यात सर्वांत कमी लिहिली जाणारी ओळ माघारीची असते. शनिवारी दुपारी सर्व्हर बंद केला. रविवारी दुपारी दोनपर्यंत ठरलेल्या पाच-सहा गोष्टी चालू झाल्या नाहीत तर काय? जुन्या जागेचा वीजपुरवठा आणि इंटरनेट महिनाभर तरी चालू ठेवले असेल, तर परत जाता येते. भाडे वाचविण्यासाठी त्याच दिवशी किल्ली मालकाच्या हाती दिली असेल, तर परतीचा मार्ग बंद झालेला असतो. हा निर्णय घेण्याची वेळ, निकष आणि निर्णय घेणारी व्यक्ती आधीच ठरलेली हवी. रविवारी संध्याकाळी, दमलेल्या माणसांना ‘अजून अर्धा तास पाहू’ असेच वाटत राहते.

कायद्याच्या नजरेतून

या विषयाला आता कायद्याची नवी बाजू आली आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक प्रमुख बंधने अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. या कायद्यात माहितीभंगाची व्याख्या केवळ चोरीपुरती मर्यादित नाही. वैयक्तिक माहिती अपघाताने नष्ट होणे किंवा तिच्यापर्यंत पोहोचता न येणे, हेही तीत येते. म्हणजे टेम्पोतून पडून सर्व्हर फुटला, प्रत नव्हती आणि ग्राहकांच्या नोंदी गेल्या, तर ती संस्थेची अंतर्गत अडचण राहणार नाही. माहिती संरक्षण मंडळाला आणि संबंधित ग्राहकांना ते कळवावे लागेल. पुरेशी सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे.

अन्य बंधने आधीपासूनच आहेत. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आणि कंपन्यांच्या हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना २०२२ पासून भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज प्रत ठेवणे बंधनकारक आहे. स्थलांतराचे दोन दिवस त्याला अपवाद नाहीत. व्यवसायाचे ठिकाणच बदलत असेल तर जीएसटी नोंदणीत पंधरा दिवसांत बदल करावा लागतो. राज्याची सीमा ओलांडून, म्हणजे बेळगाव, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गाकडे पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीची यंत्रे नेताना ती विकलेली नसली, तरी डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल लागते. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या तोंडावर वाहन अडकले, तर सर्व्हर रात्रभर उघड्यावर राहतो. विम्याचेही तसेच. यंत्रांचा विमा साधारणतः पॉलिसीत नमूद केलेल्या पत्त्यापुरता असतो. प्रवासासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि नवा पत्ता आधी कळवावा लागतो.

क्लाउडने प्रश्न सुटतो काय?

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. सर्व्हर हलविण्याच्या फंदात पडता कशाला, सर्व काही क्लाउडवर टाका. अनेक लहान व्यवसायांसाठी हा सल्ला योग्य आहे. ईमेल, सामाईक फाइल, हिशेब यांसाठी स्वतःचा कक्ष बाळगणे दिवसेंदिवस महाग होत चालले आहे, आणि स्थलांतराचा प्रसंग हा त्या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम मुहूर्त होय. मात्र कारखान्यातील यंत्रांना जोडलेला सर्व्हर, रुग्णालयातील क्ष-किरण प्रतिमांचा साठा किंवा इंटरनेट गेले तरी चालू राहिलाच पाहिजे असा काउंटर, यांना जागेवरील यंत्र लागतेच.

शिवाय क्लाउडवर जाणे हेही स्थलांतरच आहे. टीएसबीचे उदाहरण नेमके तेच सांगते. तेथे एकही रॅक आदळला नव्हता. यादी, प्रत, चाचणी आणि माघार यांतून तेथेही सुटका नाही. फक्त टेम्पो वगळला जातो. देजॉनचा जी-ड्राइव्ह तर वापरणाऱ्यांच्या दृष्टीने क्लाउडच होता. ‘ते सरकार सांभाळते आहे’ या भरवशावर माणसांनी आपली वर्षांची कागदपत्रे तेथे ठेवली होती. माहिती आपल्या खोलीत नसली तरी तिची दुसरी प्रत कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य आपल्याकडेच राहते.

सही कोणाची?

या सर्व घटनांत एक सूत्र दिसते. स्थलांतराचे काम खालच्या पायरीवर ढकलले गेले. कोरियात ते कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे गेले. टीएसबीत पुरवठादाराच्या शब्दावर विसंबले गेले. ट्विटरमध्ये याच्या उलट, सर्वोच्च व्यक्तीने जाणकारांना बाजूला सारून ते स्वतः उरकले. आपल्याकडे बहुधा पहिलाच प्रकार घडतो. संगणक सांभाळणाऱ्या एका तरुणाला ‘रविवारपर्यंत करून टाक’ असे सांगितले जाते, तीन दरपत्रके मागविली जातात, सर्वांत कमी दराचा निवडला जातो, आणि काही बिघडले तर जाब त्या तरुणाला विचारला जातो. ज्याला खर्च मंजूर करण्याचा अधिकार नाही, तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार नाही, त्याच्यावर जबाबदारी मात्र सर्व.

हे चित्र बदलण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लहान संस्थेलाही चार-पाच पानांचा आराखडा करता येतो. एका पानावर यंत्रांची आणि त्यांच्या परस्परसंबंधांची यादी, दुसऱ्यावर प्रतींचे तपशील आणि त्या पडताळल्याची तारीख, तिसऱ्यावर तासागणिक क्रम आणि प्रत्येक कामापुढे एका व्यक्तीचे नाव, चौथ्यावर माघारीची वेळ आणि निकष. प्रती ठेवण्यासाठीची बाहेरची हार्ड डिस्क काही हजारांत मिळते. या आराखड्यावर शेवटची सही मालकाची, व्यवस्थापकीय संचालकाची किंवा संस्थेच्या अध्यक्षाची असावी. सही करण्यापूर्वी त्यांनी तंत्रज्ञाला एकच प्रश्न विचारावा : आज हा सर्व्हर पूर्ण नष्ट झाला, तर उद्या सकाळी काउंटर कशाच्या आधारे उघडणार? उत्तर दाखविता आले, तर टेम्पो बोलवावा. केवळ सांगितले गेले, दाखविले नाही, तर तारीख पुढे ढकलावी.

पतसंस्थेतील ठेवीदाराची शिल्लक, कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी, रुग्णाचा जुना अहवाल, विद्यार्थ्याची गुणपत्रिका, या साऱ्या आज अशाच एखाद्या कक्षात, बहुधा कोपऱ्यातील काचेच्या केबिनमध्ये किंवा जिन्याखालच्या कपाटात आहेत. ज्यांच्या या नोंदी आहेत त्यांना तो कक्ष कोठे आहे हेही ठाऊक नसते, आणि तो हलणार आहे हे तर कोणी त्यांना सांगणारही नाही. राज्यातील सहकारी संस्था, उद्योग संघटना आणि व्यापारी मंडळे सभासदांसाठी अशा स्थलांतराचा एक साधा मराठी-कोंकणी नमुना आराखडा तयार करू शकतात. पावसाळ्यानंतर कार्यालये बदलण्याचे दिवस येतात. त्याआधी हे काम झाले, तर देजॉनच्या आगीतून आपण वेळेत काही शिकलो असे म्हणता येईल.